अल्लीपूरचा गरम बोळा

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या मिरजेत पहिला प्रश्न येतो, आश्रम पाहिलात का? नाही पाहिला. लाज वाटते, पण नाही पाहिला. मी तिथे पाहिला तो कापसाचा एक बोळा, आणि तोही तेलकट. एका बोळ्यावर एवढं लिहायला बसलेय म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं घरचे म्हणतातच आहेत. तुम्हीही म्हणून घ्या आणि मग पुढे वाचा.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यातही पोरं ज्याला घाबरतात तो भाग माझ्याकडे, पुंजयांत्रिकी आणि रेणूंमधले बंध. माझ्या मैत्रिणी वनस्पतीशास्त्र शिकवतात, त्यांना पानं-फुलं तरी हातात धरता येतात. माझ्याकडे खडू आणि फळा. इतकी वर्षं मी दुहेरी बंधाच्या दोन रेघा काढत आले आणि पुसत आले.

वर्धा

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. वर्ध्याच्या एका कॉलेजानं व्याख्यानांना बोलावलं आणि मी पत्राची शाई वाळायच्या आत होकार कळवला. व्याख्यान हे निमित्त. माझी कॉलेजातली मैत्रीण सुधा लग्न होऊन तिकडे अल्लीपूरला गेली होती, आणि तिची माझी भेट फक्त तिच्या माहेरच्या लग्नकार्यांत, तीही पंगतीतल्या धावपळीत व्हायची.

उतरायची सोय बोरगाव मेघेत एका प्राध्यापकांच्या घरी होती. सकाळी उठून बघते तर अंगणात शेकोटी आणि तिच्याभोवती अख्खं घर. आमच्याकडे थंडी म्हणजे खांद्यावर एक शाल. इथे सकाळी दात वाजतात आणि दुपारी त्याच अंगणात पंखा हवासा वाटतो. नाश्त्याला पोहे आले. आमच्याकडे पोहे हा शांत स्वभावाचा पदार्थ आहे. इथे त्याच्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली.

व्याख्यान दुहेरी बंधावर होतं. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की दोन अणूंमधला पहिला बंध सरळ, दोघांच्या मधोमध. दुसरा बंध मात्र मधे नसतोच. त्याचे इलेक्ट्रॉन वर एका थरात आणि खाली एका थरात असतात, आणि बरोबर मधल्या पातळीत ते सापडण्याची शक्यता शून्य. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, मधात तो राहतच नाई म्हन्ता, मंग वरून खाली जाते कसा?"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला आनंद होतो. तो जात नाही, मी म्हटलं. इलेक्ट्रॉन म्हणजे गोटी नव्हे, ती लाट आहे, ती वर आणि खाली एकाच वेळी असते. मुलानं मान डोलावली, पण बसला नाही. "पन हे कोनी पाह्यलं काय, मॅडम?"

वर्ग हसला. मी मोजमापांचं, वर्णपटांचं काहीबाही सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण त्यानं विचारलं ते हे नव्हतं, आणि मला ते कळत होतं. रात्री अंथरुणात पडल्यावरही तो प्रश्न कानात राहिला.

अल्लीपूर

अल्लीपूरच्या स्टँडवर सुधा घ्यायला आली होती. कॉलेजात ही पहिली यायची आणि मी दुसरी, हे तिच्या नवऱ्याला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी घरात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. बापूराव, म्हणजे तिचे यजमान, किराणा दुकान आणि शेती दोन्ही सांभाळणारे, मिशीवाले, भारदस्त गृहस्थ. ते म्हणाले, "असं काय? तरीच मले हिशेबात कधी जिंकू देत नाई."

सकाळी सुधानं मला शेतावर नेलं. एका बाजूला फुटलेला कापूस, पलीकडे तूर, आणि मधल्या पट्ट्यात जवस फुललेला. निळा. असा निळा मी शेतात कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे उसाचा हिरवा, हळदीचा हिरवा, सगळंच हिरवं. दुपारी परत त्याच बांधावरून आलो तर पाकळ्या गळून गेलेल्या, निळं म्हणून काही नाही. उद्या सकाळी पुन्हा येतील, सुधा म्हणाली. जवसाच्या तेलाच्या रेणूचं चित्र मी शेकडो वेळा काढलंय. त्याचं फूल निळं असतं हे मला माहीत नव्हतं.

जेवायला गोळाभात होता. भरड डाळीचे तिखट गोळे भातात वाफवायचे, पानात ते कुस्करायचे आणि वर मोहरी तडतडवलेलं गरम जवसाचं तेल घ्यायचं. बापूराव वाढत राहिले, मी जेवत राहिले. "घ्या न ताई, लाजता कायले," असं म्हणत त्यांनी चौथ्यांदा तेल वाढलं तेव्हा मी ताटावर हात धरला.

हात धुवायला मागे गेले तेव्हा ती खोली दिसली. भिंती काळ्या, छप्पर नाही, आत धोतऱ्याची झाडं उगवलेली. मी सुधाकडे पाहिलं. तिनं आधी ओसरीकडे नजर टाकली, मग हळू आवाजात सांगितलं.

गेल्या साली याच दिवसांत या खोलीत वेचलेला कापूस भरला होता. संध्याकाळी आग लागली. बापूरावांचा धाकटा भाऊ मनोहर तेव्हा याच घरात राहायचा, आणि दिवसभर त्याच्या कानावर बिडी असायची. त्या दुपारी तो त्या खोलीच्या उंबऱ्यावर पडला होता. दुसरं कोणी तिकडे फिरकलंच नव्हतं. मग दुसरं काय असणार? मनोहर म्हणाला, मी बिडी ओढलीच नाही. बापूरावांनी चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं. तो अनवाणी गिरडला गेला, टेकडीवरच्या दर्ग्यात शपथ घेतली, आणि दादा मला खरं मानेपर्यंत बिडीला हात लावणार नाही असं बोलून आला.

"आणि झालं उलटंच," सुधा म्हणाली. "बिडी सोडली म्हणताच गाव म्हणालं, बघा, चोराच्या मनात चांदणं. कबुलीच झाली ती. यांनीही तेच धरलं. भाऊजी बायकोला घेऊन गिरडकडे सासुरवाडीला गेले. वर्षात एकमेकांचं तोंड पाहिलं नाही दोघांनी. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, तो परत आला."

मी तांब्या उचलून हात धुतले. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात पाहुण्यानं काय बोलायचं?

दुपारी बापूराव दमणीला तेल लावायला बसले. दमणी म्हणजे हलकी, माणसं बसायची बैलगाडी. त्यांची दमणी दृष्ट लागावी अशी देखणी आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. रंगाच्या दुकानातून आणलेलं उकळलेलं जवसाचं तेल, लवकर सुकणारं. आमच्याकडे असं काही पुसायचं म्हणजे आधी घरभर चिंधी शोधा, मग ती कुणाच्या जुन्या परकराची निघाली म्हणून वाद घाला. इथे कशाला कोण चिंधी शोधेल? बापूराव मागे हात घालायचे, काळपट पडलेल्या कापसाच्या ढिगातून मूठभर उचलायचे, तेलात बुडवून लाकडावर घासायचे आणि तो बोळा परत त्याच ढिगात फेकायचे. हात काम करत होते, तोंड माझ्याशी बोलत होतं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते मांजरीमुळे. तासाभरानं मी चहा घेऊन तिथे आले तेव्हा ढीग भिंतीच्या सावलीत होता. पलीकडे उन्हाचा मोठा पट्टा पडलेला, आणि घरची मांजर ऊन सोडून सावलीतल्या ढिगावर पोट टेकून झोपलेली. मी तिला हुसकलं आणि सहज हात लावला.

ढीग गरम होता. मी हात आत खुपसला. आत आणखी गरम, ताज्या भाकरीइतका. नाकात उग्र, रंगासारखा वास गेला. मी चहा तिथेच ठेवला आणि दोन्ही हातांनी तो ढीग अंगणभर विसकटला. बापूराव दुकानातून बघत होते. या बाईला काय झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

खरं सांगते, मला त्या क्षणी आगीची आठवण झाली नाही. मला वर्ध्याचा तो मुलगा आठवला. हे कोणी पाहिलंय का? अरे बाबा, मी हातात धरलंय. मला रडू येत होतं. फळ्यावरच्या दोन रेघा, याच तेलातल्या दुहेरी बंधाच्या, माझा तळवा भाजत होत्या.

आगीचं नंतर सुचलं. मी स्वयंपाकघरात गेले. सुधा कणीक मळत होती.

"सुधे, आग लागली त्या दिवशी दमणीला तेल लावलं होतं?"

तिचे हात थांबले. मी काही समजावून सांगायची गरज पडली नाही, पहिली यायची ती. पिठाचे हात तसेच धरून ती उभी राहिली. "सकाळी," ती म्हणाली. "शंकरपटाला बैलांच्या शर्यती बघायला जायचं होतं. यांनीच लावलं होतं. कापूस त्या खोलीतलाच घेतला होता." मग ती पाटावर बसली. "म्हणजे शालू, भाऊजी सुटले आणि हे अडकले."

मी म्हटलं, नको असेल तर मी तोंड उघडणार नाही. उद्याच्या गाडीनं निघून जाईन. तिनं हातावरचं पीठ खरवडून परातीत टाकलं.

"सांगायचं," ती म्हणाली. "पण तोंडानं नाही. तोंडाचं ते ऐकत असते तर वर्ष गेलं नसतं. आपण करून दाखवू."

सुधाच्या अंगणात

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधानं पत्र्याच्या जुन्या डब्याला खालून भोकं पाडली. त्याच तेलात बुडवलेला कापूस पिंजून आत भरला, भोवती कोरडा कापूस दाबला, डबा अंगणाच्या मधोमध विटांवर ठेवला आणि शेजारी पाण्याची बादली आणि वाळूची पाटी. प्रयोगशाळेत ती अशीच नीटनेटकी असायची. मग तिनं नवऱ्याला बोलावलं आणि खुर्ची दिली.

"इथं बसा. डब्याजवळ कोणी जायचं नाही. तुम्हीही नाही."

"कायचं नाटक व हे?" बापूराव म्हणाले, पण बसले. बायकोचा तो आवाज त्यांनी पूर्वी ऐकला असावा.

बसून बसून माणूस बोलतोच. डब्यात काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. जवसाचं तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं. घेताना थोडी ऊब सुटते. दमणीच्या लाकडावर ती वाऱ्यानं निघून जाते. बापूराव ऐकत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही.

"हवा तं सगळीकडंच हाये. मंग घर काऊन पेटत नाई? हे लाकूड, हा कापूस, आपुन? आपुन काऊन पेटत नाई?"

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. पेटायलाच हवं, म्हटलं. हिशेबानं बघाल तर सगळं जग कधीच पेटून जायला हवं होतं. ऑक्सिजनचा रेणूही दोन अणूंचा, दुहेरी बंधानं बांधलेला. पण त्याचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन जोडी करत नाहीत. वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. लाकडात, कापसात, आपल्या हाडामांसात मात्र सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं नांदतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. हे दोन एकटे त्या जोडप्यांच्या घरात एकदम शिरू शकत नाहीत. निसर्गाचा नियमच आहे तसा, तो त्यांना दारात अडवतो. त्या एका नियमावर आपण उभे आहोत. झाडं उभी आहेत, ही तुमची दमणी उभी आहे.

"एका नेमावर?" बापूराव म्हणाले.

एका नेमावर. मी हे वर्गात सांगते तेव्हा पोरं वहीत उतरवून घेतात. बापूरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, उलटा-सुलटा करून. मग अंगणातल्या तुळशीकडे, मांजरीकडे, कौलांकडे. मीही पाहिलं. सांगायला संकोच वाटतो, पण वर्षानुवर्षं शिकवलेली गोष्ट मला तिथे पहिल्यांदा पटली, आणि अंगावर काटा आला. केवढ्या अथांग आगीच्या तळाशी आपण बसलोय आणि चहा पितोय.

"मंग तेल?" त्यांनी विचारलं.

जवसाच्या तेलाच्या रेणूत ओळीनं तीन-तीन दुहेरी बंध असतात. दोन बंधांच्या मधे अडकलेला हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तिथे एक इलेक्ट्रॉन एकटा पडतो. एकट्यानं एकट्याला भेटायला नियम आड येत नाही. ऑक्सिजन तिथून आत शिरतो, त्यातून शेजारचा सैल होतो, त्यातून त्याच्या शेजारचा. उघड्यावर हे चाललं तर नुसतं तेल सुकतं. कापसाच्या पोटात चाललं तर ऊब जाणार कुठे?

मी बोलायची थांबले. बापूराव डब्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. सुधा दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

ऊन कलायच्या सुमाराला वास आला. मग झाकणाच्या फटीतून धुराचा बारीक दोरा. बापूराव उठले. सुधानं लांब काठीनं झाकण उडवलं. वरचा कापूस पांढराच होता. त्याच्या मधोमध एक तपकिरी डाग पडला, डाग काळा झाला, काळ्याच्या कडेनं लाल रेघ फिरली, आणि वारा लागला तशी ज्योत उभी राहिली. कुणी काडी ओढली नव्हती. भर दिवसा, आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत, रिकाम्या अंगणात.

सुधानं वाळू ओतली.

बापूराव खाली बसले, मातीतच. "इथं तं कोनी बिडी ओढली नाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मीच फेकलता बोळा. ह्याच हातानं." मग त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं आणि तो भारदस्त माणूस लहान मुलासारखा रडला. सुधा त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी आत गेले आणि उगाच भांडी आवरत राहिले.

गिरड

सकाळी बापूराव अंघोळ करून तयार होते, सुधाही. "चला ताई, तुमी बी चला. गिरड पाह्यलं नसंल तुमी." मी जायला नको म्हणत होते, पण त्यांना दोघांनीच जायचा धीर नव्हता, हे दिसत होतं. निघताना त्यांनी दुकानातून एक बंडल आणि काड्यापेटी खिशात टाकली.

गिरडची टेकडी लांबूनच दिसते. वर शेख फरीद बाबांचा दर्गा, आणि चढणाऱ्यांत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका कितीतरी. वाटेवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात. कुणा व्यापाऱ्यानं फकिराला आपल्या मालाबद्दल खोटं सांगितलं आणि सगळा माल दगड झाला, असं तिथे सांगतात. मी पर्समध्ये दोन घेतले. बापूरावांनी एक उचलला, बराच वेळ तळहातावर ठेवून पाहिला आणि परत होता तिथे ठेवला. वर गेल्यावर ते आत बराच वेळ हात पसरून बसले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

मनोहरच्या सासऱ्याचं शेत टेकडीच्या पायथ्याला होतं. तो कापूस वेचत होता. भाऊ बांधावर दिसला तसा ताठ उभा राहिला, पाठीला बांधलेलं कापसाचं ओझं तसंच. भावासारखाच बांधा, फक्त मिशी नाही. पुढे आला नाही. बापूरावच ओळीतून आत गेले. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, धोतर अडकत होतं, ते सोडवायलाही थांबले नाहीत. सुधा आणि मी मागे.

"मनू," ते म्हणाले, "दमणीचं तेल व्हतं. तेलाचा बोळा आपोआप पेटते. मीच फेकलता. तू नाई."

मनोहर त्यांच्याकडे पाहत राहिला. "मी नाई, हे मले मालूम व्हतं," तो म्हणाला. "काय व्हतं, ते मालूम नव्हतं."

"मी तुले सगळ्यायच्या समोर बोललो."

"हाव. बोललात."

"तं सगळ्यायच्या समोरच सांगीन. उद्या पारावर. घरी चाल."

मान खाली घालून मनोहर बोटात रुतलेलं बोंडाचं टोक काढत होता. बापूरावांनी खिशातून बंडल काढलं, त्यातली एक बिडी त्याच्यासमोर धरली. किती वेळ तो हात तसाच राहिला, मला सांगता येणार नाही. सुधानं माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं.

मनोहरनं पाठीवरचं ओझं सोडून खाली ठेवलं आणि शेताबाहेर बांधाकडे चालायला लागला. मला वाटलं, संपलं. पण तो बांधावर, जिथे एकही कापसाचं झाड जवळ नव्हतं, अशा मोकळ्या जागी जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "इकडं ये दादा. कापसात नाई."

बापूरावांनी स्वतः काडी ओढली. पहिली विझली, दुसरी ओंजळीत धरली. वर्षभरानंतरच्या पहिल्या झुरक्याला मनोहर खोकला, डोळे पुसले आणि पुन्हा ओढली. टेकडीवरून वारा येत होता, सगळीकडे कापूस फुटलेला, आणि त्या एवढ्या हवेत एवढासा लाल ठिपका.

बिडी संपल्यावर मनोहरनं ती दगडावर घासली, मातीत दाबली, वर माती लोटली. उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. परत मागे वळून बघायला लागला.

बापूरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "इझली रे," ते म्हणाले. "म्या पाह्यली."